गुरूवरची जमीन काळी की बरड?

संक्रांत होऊन तीन-चार दिवस झाले होते. अवस जवळ आलेली, त्यामुळे रात्री चंद्र नव्हता. दर्यापूरकडच्या आमच्या वावरात हरभरा घाट्यावर आला होता आणि रानडुकरांनी दोन रात्रींत एक कोपरा पार उकरून ठेवला होता. म्हणून काकाजी जागलीला होते. मी गावी आलेलो, म्हणून त्यांच्या सोबतीला. धुऱ्याजवळ शेकोटी पेटवलेली आणि बाजूला माझी दुर्बीण उभी केलेली. दुर्बीण लहानच, ७० मिलिमीटरच्या भिंगाची.

२०२६ च्या त्या जानेवारीत गुरू रात्रभर आकाशात होता. दिवस मावळला की पूर्वेला उगवायचा, मध्यरात्री डोक्यावर यायचा. पुनर्वसूच्या ताऱ्यांजवळ असलेला तो पिवळसर दिवा ओळखायला कुणाला विचारावं लागत नव्हतं. दुर्बिणीतून त्याची थाळी दिसत होती, थाळीवर दोन तपकिरी पट्टे, आणि अंगाला लागून एका रेषेत चार ठिपके.

काकाजींनी डोळा लावला. बराच वेळ काही बोलले नाहीत.

"थे चार ठिपके कायचे?"

"गुरूचे चंद्र. हे चार मोठे. बारके धरले तर नव्वदच्या वर आहेत."

डोळा न काढता त्यांनी विचारलं, "तिथली जमीन कशी हाय? काळी का बरड?"

मी पुष्कळ जणांना गुरू दाखवला आहे. किती लांब, किती मोठा, तिथं माणूस जाऊ शकतो का, हे सगळे विचारतात. जमीन कशी, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. शेतकरी कुठंही गेला की आधी पायाखाली पाहतो. गुरूच्या बाबतीत विचारायला हवा तो पहिला प्रश्नही हाच आहे, कारण त्याचं उत्तर नीट समजलं की अर्धा गुरू समजला.

उत्तर असं, की तिथं जमीनच नाही.

"जमीन नाही" म्हणजे जमीन फार खोल आहे किंवा ढगांनी झाकली आहे असं नव्हे. पाय टेकावा अशी जागाच नाही. गुरू बनला आहे मुख्यतः हायड्रोजन आणि हेलियम या दोन वायूंचा. विश्वातले सगळ्यात हलके पदार्थ हेच. वरच्या थरातला शंभर किलो माल घेतला तर साधारण ७५ किलो हायड्रोजन, २४ किलो हेलियम आणि उरलेल्या किलोभरात बाकी सगळं: मिथेन, अमोनिया, पाण्याची वाफ, गंधकाची संयुगं. सूर्याचीही घडण जवळपास अशीच आहे.

वायू म्हटल्यावर मनात फुगा येतो, आणि तिथेच समजूत चुकते. हा वायूचा गोळा पृथ्वीच्या ३१८ पट वजनाचा आहे. बाकीचे सातही ग्रह एका पारड्यात टाकले तरी गुरू त्यांच्या दुपटीहून जड भरतो. एवढं वजन स्वतःच्याच अंगावर पडल्यावर आतला वायू वायूसारखा राहत नाही.

काकाजींना मी आमच्याच वावराचा दाखला दिला. पावसाळ्यात काळ्या रानात पाय टाकला की वर पाणी, त्याखाली पातळ राबडी, मग चिखल, मग पाय ओढून धरणारा घट्ट चिकण. राबडी कुठं संपली आणि चिखल कुठं सुरू झाला, तिथं रेघ मारता येते का? नाही. खाली जावं तसतसं घट्ट होत जातं, एवढंच. गुरूत तसंच आहे. फरक इतकाच, की वावरात गुडघाभर गेल्यावर पाय कुठंतरी ठरतो. गुरूत तो ठरतच नाही.

आता उतरूनच पाहू. सगळ्यात वर गोठलेल्या अमोनियाच्या कणांचे पांढुरके ढग. अमोनिया म्हणजे बंद गोठ्यात सकाळी दार उघडल्यावर नाकात झणझणतो तो. त्याच्या खाली अमोनिया आणि गंधक यांच्या संयुगाचे ढग, आणि त्याहून खाली आपल्या ओळखीचे, पाण्याचे ढग. त्यांत विजाही चमकतात. दुर्बिणीत दिसणारे पट्टे या ढगांचेच. गुरू इतका मोठा असून दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, त्यामुळे ढग ओढले जाऊन पट्टे पडतात.

या ढगांत माणसानं एकदा खरोखर हात घातला आहे. गॅलिलिओ यानानं सोडलेली एक कुपी ७ डिसेंबर १९९५ रोजी गुरूच्या वातावरणात शिरली. हवाछत्रीला लोंबकळत ती तासाभराला थोडी कमी इतका वेळ टिकली. तेवढ्यात दीडशे किलोमीटर खाली गेली. तिथं दाब पृथ्वीवरच्या हवेच्या २२ पट झाला होता, उष्णता १५० अंशांवर गेली होती, आणि मग तिचा आवाज बंद झाला. गुरूच्या मध्यापर्यंतचं अंतर सत्तर हजार किलोमीटरहून जास्त आहे. म्हणजे आपण कांद्याचा वरचा पापुद्रासुद्धा सोललेला नाही.

त्याखाली काय, हे प्रयोगशाळा आणि गणित सांगतं. दाब वाढतो, वायू दाटतो आणि हळूहळू द्रवासारखा होतो. कुठंही लाट नाही, काठ नाही. मग दाब आपल्या हवेच्या दहा-वीस लाख पट झाला की हायड्रोजन वेगळंच रूप घेतो. त्याचे अणू इतके दाटीवाटीनं बसतात की त्यांचे इलेक्ट्रॉन कुणा एकाचे राहत नाहीत, सगळ्यांमध्ये मोकळे फिरू लागतात. इलेक्ट्रॉन मोकळे फिरणं हेच तर धातूचं लक्षण. तांब्याच्या तारेतून वीज वाहते ती याच कारणानं. म्हणजे तिथं हायड्रोजन पातळ धातू होतो. याला धातुरूप हायड्रोजन म्हणतात. असं घडू शकतं हे १९३५ मध्ये विग्नर आणि हंटिंग्टन या दोन शास्त्रज्ञांनी गणितानं सांगितलं होतं. गुरूच्या पोटात हा वीजवाहक समुद्र सतत घुसळतो आहे, आणि त्या घुसळणीतून गुरूभोवती प्रचंड चुंबकीय क्षेत्र तयार होतं. हे चुंबकत्व लक्षात ठेवा. पुढे त्याचंच काम पडणार आहे.

"आन् अगदी मधात?" काकाजींनी विचारलं. "कोय असन नं आंब्यावानी?"

पुष्कळ वर्षं शास्त्रज्ञांचाही तोच अंदाज होता: मध्ये दगड-बर्फाची घट्ट कोय आणि भोवती वायूचा गर. २०१६ च्या जुलैत जुनो नावाचं यान गुरूजवळ पोहोचलं आणि चित्र बदललं. गुरू आंब्यासारखा नाही, सीताफळासारखा निघाला. जड माल मध्ये एकगठ्ठा नाही. तो गरात मिसळलेला आहे, आणि पार अर्ध्या त्रिज्येच्या आसपासपर्यंत पसरलेला आहे. असं का झालं, यावर अजून वाद चालू आहे.

इथं कुणीही थांबवून विचारायला हवं, की न फोडता आतलं कळलं कसं? रात्री अंधारातून बंडी गेली, तर बैल न दिसताही काकाजी सांगतात, भरलेली आहे की रिकामी. चाकांचा आवाज बदलतो. जुनोचं तसंच. यान गुरूजवळून झपाट्यानं जाताना खाली जिथं माल जड असेल तिथं किंचित जास्त ओढलं जातं, हलका असेल तिथं किंचित कमी. त्यानं वेग बदलतो, तोही सेकंदाला मिलिमीटरपेक्षा कमी. पण यान सतत रेडिओ संदेश पाठवत असतं, आणि वेग बदलला की त्या संदेशाचा सूर बदलतो, जवळ येणाऱ्या आणि दूर जाणाऱ्या एसटीच्या हॉर्नचा बदलतो तसा. कोट्यवधी किलोमीटरवरून तो सुरातला फरक मोजून गुरूच्या पोटातला माल कुठं किती आहे, ते काढलं. ढगांचे पट्टे सुमारे तीन हजार किलोमीटर खोल गेलेले आहेत, हेही असंच कळलं. मला या मोजणीपुढे रॉकेटचा धूरधमाका काहीच वाटत नाही.

शनीबद्दल थोडक्यात सांगतो, कारण घडणीनं तो गुरूचाच भाऊ. तोही हायड्रोजन-हेलियमचा, पृथ्वीच्या ९५ पट वजनाचा, पण इतका विरळ की त्याची सरासरी घनता पाण्याहूनही कमी. शनी पाण्यात टाकला तर तरंगेल, असं पुस्तकांत छापतात. मला तो दाखला आवडत नाही. त्यामुळे मुलांच्या मनात शनी म्हणजे लाकडाचा चेंडू बसतो, आणि तो तर कुठंच घट्ट नाही. त्यापेक्षा हे सांगावं, की शनीच्या पोटात हेलियमचा पाऊस पडतो. धातुरूप हायड्रोजनात हेलियम विरघळून राहत नाही, त्याचे थेंब होऊन खाली उतरतात आणि उतरताना उष्णता सोडतात. सूर्याकडून मिळते त्याहून जास्त उष्णता शनी बाहेर टाकतो, त्याचं मोठं कारण हे मानलं जातं. शनीची कडी मात्र वायूची नाहीत. ती जवळजवळ निखळ पाण्याच्या बर्फाची आहेत, धुळीएवढ्या कणांपासून घराएवढ्या ढेकळांपर्यंत.

युरेनस आणि नेपच्यून यांना वायूचे ग्रह म्हणणं आता चूक मानतात. ते पृथ्वीच्या अनुक्रमे १४ आणि १७ पट वजनाचे. त्यांच्यात हायड्रोजन-हेलियमचं वरचं आवरण आहे, पण बहुतेक वजन पाणी, अमोनिया आणि मिथेन यांचं मानलं जातं. म्हणून त्यांना बर्फाळ महाग्रह म्हणतात. नावावरून फसू नये. खगोलशास्त्रात या तिन्हींना मिळून "बर्फ" म्हणायची रीत आहे; प्रत्यक्षात आत तो हजारो अंशांचा, दाबलेला, दाट काढा आहे. त्यांचा निळा रंग मिथेनचा. मिथेन तांबडा प्रकाश पिऊन टाकतो. युरेनसच्या ढगांत सडक्या अंड्याच्या वासाचा वायू आहे, हे २०१८ मध्ये नक्की झालं. या दोघांजवळ आजवर एकच यान गेलं आहे, व्हॉयेजर-२. युरेनसजवळून १९८६ मध्ये आणि नेपच्यूनजवळून १९८९ मध्ये. तेही न थांबता. इतक्या मोठ्या दोन ग्रहांची आपली ओळख इतकीच, याची मला खंत वाटते.

शेकोटी मंद झाली होती. काकाजींनी पऱ्हाटीच्या काड्या सारल्या आणि दुसरा प्रश्न विचारला, "जमीन नाई म्हणतं, तं पाणी तरी हाय का कुठं?"

पाणी आहे. पण समुद्रासारखं साचलेलं म्हणाल, तर या महाग्रहांवर नाही, त्या ठिपक्यांवर. आणि ते तिथं का आहे, याचं उत्तर शेकोटीभोवतीच होतं. शेकोटीला लागून पडलेलं कुटार खडखडीत वाळलेलं होतं, आणि दहा पावलांवरचं दवानं ओलं. सूर्य तरुण असताना त्याच्याभोवती वायू-धुळीची थाळी फिरत होती, तिची गत अशीच होती. जवळच्या भागात पाणी वाफ होऊन राहायचं, गोठायचंच नाही. म्हणून बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ दगड-लोखंडाचे झाले. मंगळापलीकडे, गुरूच्या अलीकडे कुठंतरी एक सीमा होती. तिला हिमरेषा म्हणतात. तिच्या पलीकडे पाणी घट्ट बर्फ म्हणून मिळू लागलं, म्हणजे ग्रह घडवायला माल एकदम वाढला. त्यामुळे तिथले गोळे लवकर मोठे झाले आणि आपल्या ओढीनं भोवतालचा हायड्रोजन-हेलियम गिळत सुटले. गुरू झाला तो असा. आणि उरलेल्या दगड-बर्फाचे झाले त्याचे चंद्र.

हीच गोष्ट पुन्हा एकदा, लहान प्रमाणात, गुरूभोवतीही घडली. गॅलिलिओ गॅलिलीनं जानेवारी १६१० मध्ये पहिल्यांदा पाहिलेले ते चार चंद्र आतून बाहेर मोजत गेलं तर आयो, युरोपा, गॅनिमीड आणि कॅलिस्टो. कापसाचं गाठोडं आणि हरभऱ्याचं पोतं दिसायला सारखं असलं तरी उचललं की आत काय ते हाताला कळतं. चंद्रांचंही तसंच, आकार आणि वजन माहीत असलं की पुरे. एक घनसेंटिमीटर पाणी एक ग्रॅम, दगड तीन ग्रॅमच्या आसपास. आयो साडेतीन ग्रॅम भरतो: नुसता दगड-लोखंड, पाणी नाही. युरोपा तीन: दगड, वर पाण्याचं पातळ आवरण. गॅनिमीड १.९ आणि कॅलिस्टो १.८: साधारण अर्धा दगड, अर्धा बर्फ. शेकोटी इथंही दिसते. नवा जन्मलेला गुरू स्वतः तापलेला होता, त्याच्या जवळच्यांचं पाणी टिकलं नाही, दूरच्यांचं टिकलं, असा त्याचा अर्थ लावतात.

गॅनिमीड ५,२६८ किलोमीटर व्यासाचा आहे, बुध ग्रहापेक्षा मोठा. दुर्बिणीत काकाजींना दिसलेल्या ठिपक्यांपैकी एक ठिपका ग्रहाहून मोठा होता!

पण बर्फ म्हणजे पाणी नव्हे. सूर्यापासून इतक्या लांब, जिथं पृष्ठभागावर शून्याखाली दीडशे अंशांहून जास्त थंडी आहे, तिथं पाणी पातळ कसं राहणार?

खिशात कुंपणाच्या तारेचा वीतभर तुकडा होता. तो मी काकाजींना दिला आणि म्हटलं, हातानं तोडा. त्यांनी नेहमीच्या पद्धतीनं एकाच जागी खाली-वर, खाली-वर वाकवली. दहा-बारा वेळा झाल्यावर म्हटलं, थांबा, आता वाकवली तिथं बोट लावा.

"तातली का!" ते म्हणाले.

युरोपाचं तेच होतं. आयो, युरोपा आणि गॅनिमीड यांच्या फेऱ्यांचा एक ठरलेला मेळ आहे: गॅनिमीडची एक फेरी होते तोवर युरोपाच्या दोन आणि आयोच्या चार होतात. त्यामुळे ते एकमेकांना पुन्हा पुन्हा त्याच त्या जागी गाठतात आणि ओढतात, पाळण्याला दर वेळी नेमक्या वेळी झोका द्यावा तसं. या झोक्यांमुळे त्यांच्या कक्षा कधी नीट गोल होत नाहीत. कधी गुरूच्या थोडं जवळ, कधी थोडं लांब. जवळ आलं की गुरू जास्त ओढतो आणि चंद्र ताणला जातो, लांब गेलं की सैल सुटतो. दर फेरीला तार वाकते. आयोवर ही ओढाताण इतकी जबर आहे की त्याचा घट्ट दगडी पृष्ठभाग शंभर मीटरपर्यंत वर-खाली होतो. म्हणूनच तो ज्वालामुखींनी खदखदतो. त्याचं पोट असं तापलेलं असणार हे तीन शास्त्रज्ञांनी मार्च १९७९ मध्ये छापलं, आणि काही दिवसांतच व्हॉयेजर-१ च्या चित्रांत लिंडा मोराबिटो यांना आयोवरचा ज्वालामुखीचा फवारा दिसला. भाकीत आणि पुरावा इतके लागोपाठ विज्ञानात फार कमी वेळा येतात.

युरोपा गुरूपासून आणखी लांब, म्हणून त्याची तार बेतानं वाकते. बर्फ पूर्ण वितळत नाही, पण खालचं पाणी गोठतही नाही. अंदाज असा की वर १५ ते २५ किलोमीटर जाडीचं बर्फाचं कवच, त्याखाली ६० ते १५० किलोमीटर खोल समुद्र आणि त्याखाली दगड. युरोपा आपल्या चंद्राहून थोडा लहानच आहे, पण त्याच्यात पाणी पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या दुप्पट असावं.

हे कवच मेलेलं नाही, त्याचा एक पुरावा समजायला लोणार उपयोगी पडतं. लोणारचं सरोवर म्हणजे उल्का आदळून पडलेला सुमारे १.८ किलोमीटरचा खड्डा. असे खड्डे सगळ्याच ग्रह-चंद्रांवर पडतात. पृष्ठभाग जितका जुना तितके ते जास्त साचतात. कॅलिस्टोचं अंग खड्ड्यांनी भरून गेलं आहे. युरोपावर मोठे खड्डे मोजकेच सापडतात. म्हणजे तिथला पृष्ठभाग कुणीतरी सारवत असल्यासारखा नवा होत राहतो. खड्ड्यांच्या हिशोबानं त्याचं वय चार ते नऊ कोटी वर्षं निघतं. लोणारच्या कडेला जो काळा पाषाण दिसतो, ज्याच्या झिजेतून आपली काळी माती झाली, तो साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे. साडेचारशे कोटी वर्षांच्या सूर्यमालेत युरोपाचं बर्फ आणि विदर्भाचा काळा दगड जवळपास एका पिढीचे म्हणायचे.

"थे ठीक," काकाजी म्हणाले. "पन पाणी गोडं का खारं?"

हा प्रश्न आमच्याकडच्या माणसालाच सुचणार. आमचं गाव खारपाणपट्ट्यात येतं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेला हा पट्टा. विहीर खणली तर पाणी लागतं, पण ते ना प्यायच्या कामाचं, ना ओलिताच्या. पिकाला दिलं तर जमीन खराब होते. भर उन्हाळ्यात पाण्याशेजारी बसून तहानलेलं राहणं काय असतं, ते इथल्या बायांना विचारावं. त्यामुळे पाणी आहे म्हटल्यावर आमच्याकडे कुणी लगेच आनंदत नाही. आधी हेच विचारतात.

काकाजींच्या घरात खुंटीच्या पिशवीत माती परीक्षणाचा कागद आहे. त्यावर सामूच्या खाली एक रकाना असतो: विद्युत वाहकता. पुष्कळांना वाटतं, मातीचा आणि विजेचा काय संबंध? संबंध असा, की माती पाण्यात कालवून त्यातून वीज किती सहज जाते ते मोजतात. शुद्ध पाण्यातून वीज मुश्किलीनं जाते. क्षार जितके जास्त, तितकी ती सहज जाते. जिभेला न लावता खारटपणा मोजायची ही रीत.

युरोपाचं पाणी खारं आहे, हे याच रीतीनं कळलं. आता तो धातुरूप हायड्रोजन आठवा. गुरूच्या पोटातल्या त्या घुसळणीतून उठलेलं चुंबकीय क्षेत्र थेट युरोपापर्यंत पोहोचतं. पण गुरूचा चुंबक त्याच्या आसाला सुमारे दहा अंश कललेला आहे, आणि गुरू गरगर फिरतो. त्यामुळे युरोपाच्या अंगावरून जाणारं चुंबकत्व दर काही तासांनी दिशा पालटतं. पालटतं चुंबकत्व वीजवाहक वस्तूवरून गेलं की तिच्यात वीज वाहू लागते. सायकलचा डायनॅमो, गावातलं जनित्र यांचं तत्त्व हेच. आणि वीज वाहिली की त्या वस्तूचं स्वतःचं उलट चुंबकत्व तयार होतं. गॅलिलिओ यानानं युरोपाजवळून जाताना नेमकं असं उलट चुंबकत्व टिपलं. ३ जानेवारी २००० च्या भेटीत शंका फिटली: गुरूच्या क्षेत्राची दिशा पालटली होती, आणि युरोपाचीही पालटलेली आढळली. घट्ट बर्फातून अशी वीज वाहत नाही. ती वाहायला पृष्ठभागाखाली, फार खोल नाही अशा जागी, खाऱ्या पाण्याचा सलग थर लागतो. या मोजणीमागच्या शास्त्रज्ञांत मार्गारेट किव्हेलसन या बाईंचं नाव पुढे आहे.

म्हणजे गुरूच्या पोटात काय आहे, त्यानं युरोपाच्या पोटात काय आहे ते दाखवून दिलं. काकाजींच्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातून दुसऱ्याचं उत्तर निघालं, हे मलाही त्या रात्री बोलता बोलताच नीट जाणवलं.

शनीच्या एन्सेलॅडस या चंद्राचं पाणी तर आपण चाखलंच आहे. तो जेमतेम ५०४ किलोमीटरचा. कॅसिनी यानाला २००५ मध्ये त्याच्या दक्षिण ध्रुवावरच्या भेगांतून पाण्याच्या वाफेचे आणि बर्फकणांचे फवारे उडताना दिसले. मग यान त्या फवाऱ्यांतून अनेकदा नेलं. त्यांत आपलं साधं मीठ मिळालं, हायड्रोजन मिळाला, कार्बनची संयुगं मिळाली. कॅसिनीचं काम २०१७ मध्ये संपलं, पण त्यानं गोळा केलेल्या नोंदी शास्त्रज्ञ अजून चाळत आहेत. त्यातूनच २०२३ मध्ये फॉस्फेट सापडलं, तेही त्या पाण्यात पृथ्वीच्या समुद्राच्या किमान शंभर पट असावं इतकं.

"डीएपी खतात असते थेच फॉस्फरस?" काकाजींनी विचारलं.

"तेच."

यावर ते जरा वेळ गप्प राहिले. फॉस्फरसशिवाय पीक उभं राहत नाही, हे त्यांना कुणी शिकवायला नको. जीव तिथं आहे असा याचा अर्थ नाही. जिवाला जे लागतं, त्यातलं पुष्कळसं तिथं एकत्र आहे, इतकंच म्हणता येतं.

पलीकडे डुकरांची चाहूल लागली म्हणून काकाजींनी उठून टिनाचा डबा वाजवला, बॅटरी फिरवली आणि परत येऊन बसले. मला वाटलं विषय संपला. पण ते त्यावरच विचार करत होते.

"खारं म्हणतं, पन कोणतं खारं? सगळं खारं सारखं नसते."

खारपाणपट्ट्यात हा फरक फार मोठा. सोडियम जास्त असेल तर जमीन फुगते, चिकट होते, पाणी मुरत नाही. दुसऱ्या क्षारांनी इतकं नुकसान होत नाही. आणि युरोपाच्या बाबतीत शास्त्रज्ञ हाच प्रश्न घेऊन बसले आहेत. युरोपाच्या पृष्ठभागावर मॅग्नेशियम सल्फेटच्या खुणा दिसतात, असं आधी मानत. कपाशीवर लाल्या आला की फवारतो तेच हे. पुढे २०१९ मध्ये हबल दुर्बिणीला युरोपाच्या एका पिवळसर भागात साध्या मिठाच्या, म्हणजे सोडियम क्लोराइडच्या खुणा मिळाल्या. समुद्रातला खरा क्षार कोणता, हे जवळ जाऊनच कळेल. त्यासाठी युरोपा क्लिपर हे यान १४ ऑक्टोबर २०२४ ला निघालं आहे. ते युरोपाजवळून पन्नासेक फेऱ्या मारणार आहे. चुंबकत्व मोजायचं यंत्र, बर्फाच्या आत पाहणारं रडार आणि उडालेल्या कणांतले क्षार ओळखणारं उपकरण त्याच्यावर आहे. युरोप खंडातल्या देशांच्या अंतराळ संस्थेचं ज्यूस हे यान एप्रिल २०२३ मध्येच निघालं आहे. ते जुलै २०३१ मध्ये गुरूजवळ पोहोचेल आणि पुढे गॅनिमीडभोवती फिरेल.

"आन् पयलं थे कधी पोचते?"

"२०३० च्या एप्रिलात."

काकाजींनी बोटांवर हिशोब केला. "एप्रिलात हरभरा निघून गेला राह्यते. मोकळाच असतो मी." मग दुर्बिणीकडे हात करून म्हणाले, "मिठाचं निघालं का मॅग्नेशियमचं, काय थे कळलं का फोन कर."